पाड्याचं आणि वस्तीचं पाणी : नाशिक जिल्ह्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पाणी समितीतल्या बायका, ग्रामपंचायत सदस्य, जलसुरक्षक आणि शहरातल्या वस्त्यांत पाण्यासाठी धडपडणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहेत. उदाहरणांतले आकडे हिशोबाची रीत कळावी म्हणून दिले आहेत. तुमच्या पाड्याची घरं, तुमच्या विहिरीचं माप आणि तुमचं वीजबिल घालून तोच हिशोब पुन्हा मांडा.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात एवढा पाऊस पडतो, मग फेब्रुवारी-मार्चपासून हंडे घेऊन वणवण का?

कारण पाऊस पडणं वेगळं आणि जमिनीत थांबणं वेगळं. घाटमाथ्याखाली काळा पाषाण आहे, म्हणजे बेसॉल्ट. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं फक्त वरच्या मुरमाच्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यात. डोंगरउतारावर हा मुरूम पातळ असतो. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो, झरे फुटतात आणि दिवाळीनंतर तेच झरे साठा ओढ्यात रिकामा करतात. विहीर माणसांनी उपसली नाही तरी ती आटतेच.

याच डोंगरांत गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा ही धरणं आहेत. पण ती भरतात खोऱ्याच्या तळाशी आणि त्यांचं पाणी जातं खालच्या शहरांना आणि शेतीला. पाडा मात्र धरणाच्या वर, डोंगराच्या कुशीत. धरणाचं पाणी डोळ्यांसमोर आणि डोक्यावर हंडा, हे चित्र त्यामुळे दिसतं.

येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नर या पूर्वेकडच्या तालुक्यांचं दुखणं निराळं. तिथे पाऊसच जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि पिण्याच्या विहिरीशेजारी शेतीचे बोअर. पश्चिमेचा उपाय पूर्वेला जसाच्या तसा लावू नका.

नवी योजना मागण्याआधी पहिलं काम कोणतं?

एप्रिल-मे महिन्यात स्रोत मोजणं. कोरडे नळ आणि रिकामे जलकुंभ जिथे दिसतात, तिथे बहुतेक वेळा टाकी आधी बांधलेली असते आणि स्रोताची मोजणी ऑक्टोबरात, ओढा वाहत असताना, झालेली असते. ऑक्टोबरात प्रत्येक झरा खरा वाटतो.

झऱ्यासाठी बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. पाणी एका पाइपातून पडेल असा मातीचा बांध घाला आणि २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी काढा. १०० सेकंद लागले तर सेकंदाला ०.२ लिटर, म्हणजे चोवीस तासांत १७,२८० लिटर. दर पंधरा दिवसांनी मोजा, तारखेसह वहीत लिहा. मे महिन्यातला सर्वात लहान आकडा हाच तुमचा खरा आकडा.

विहिरीसाठी भरण मोजा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.७८५ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे पाण्याची पातळी एक मीटर चढली तर किती घनमीटर पाणी आलं. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर म्हणजे १२.५६ घनमीटर, सुमारे १२,५६० लिटर. संध्याकाळी विहीर उपसून खूण करा आणि चोवीस तास कोणालाही पाणी काढू देऊ नका. त्या वेळात पाणी ६० सेंटिमीटर चढलं, तर विहिरीचं रोजचं देणं साधारण ७,५०० लिटर. त्याहून जास्त मागितलंत तर विहीर नाही म्हणणार.

माणशी ५५ लिटर हा आकडा कुठून आला? तो पुरतो का?

१५ ऑगस्ट २०१९ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दररोज माणशी किमान ५५ लिटर, तेही पिण्यायोग्य आणि घरातल्या नळाला, असं ठरलं. गळती आणि सांडणं यासाठी १५ टक्के वाढवा, म्हणजे माणशी साधारण ६३ लिटर. ३०० माणसांच्या पाड्याला रोज जवळपास १९,००० लिटर लागतील. वरच्या उदाहरणातली विहीर मे महिन्यात फक्त ११९ माणसांना पुरते. हा फरक कागदावर दिसला की दुसरा स्रोत आत्ता शोधायचा की मेमध्ये टँकर मागायचा, हे आधीच ठरवता येतं.

या आकड्यात जनावरं नसतात. गाय-बैलाला दिवसाला ४० ते ५० लिटर लागतात, शेळीला चार-पाच. योजनेत गुरांचा विचार केला नाही तरी गुरं पाणी पिणारच, आणि मग नळ आटल्याचं खापर शेवटच्या घरावर फुटतं. झऱ्याच्या सांडव्यावर किंवा जुन्या विहिरीवर गुरांसाठी वेगळा हौद बांधा. खर्च थोडा आहे आणि भांडणं पुष्कळ मिटतात.

विहीर आटते. नवा बोअर मारावा का?

लगेच नको. पाषाणात भेग लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. नारळ किंवा काडी फिरवून जागा ठरवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह सर्वेक्षण मागा. याच यंत्रणेकडे आटणाऱ्या स्रोतांसाठी ‘अपारंपरिक उपाययोजना’ आहेत. त्यांची नावंही अनेक समित्यांना माहीत नसतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली, फ्रॅक्चर सील सिमेंटेशन. विहिरीच्या उताराकडच्या बाजूला ओळीने बोअर घेऊन त्यांतून भेगांमध्ये सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात. जमिनीखाली एक पडदा तयार होतो आणि पाणी विहिरीकडे अडून राहतं. जोरदार पाऊस आणि तीव्र उतार असलेल्या आपल्या पश्चिम पट्ट्याला हा उपाय साजेसा आहे. दुसरी, जॅकेट विहीर : विहिरीभोवती बोअर घेऊन खोलवर सुरुंगाने पाषाण तडकवतात, म्हणजे पाणी साठायला आणि विहिरीकडे यायला जागा होते. तिसरी, हायड्रोफ्रॅक्चरिंग : कमी पाण्याच्या बोअरमध्ये मोठ्या दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा मोकळ्या करतात. कोणता उपाय कुठे हे भूवैज्ञानिकच सांगणार. चुकीच्या जागी सुरुंग लावला तर असलेलं पाणीही खाली निघून जातं.

लोकांनी स्वतः करण्यासारखा उपाय म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर आडवी भिंत रचायची. यात वेळच सगळं ठरवते. मोठा पाऊस थांबला की, प्रवाह अजून वाहता असताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बांधायचा. डिसेंबरात बांधलेला बंधारा अडवणार काय? गोण्या विटांसारख्या सांधे मोडून रचा आणि पाण्याच्या बाजूने मातीचा लेप द्या. विहिरीच्या वरच्या अंगाला ओळीने दोन-तीन लहान बंधारे एका मोठ्यापेक्षा बरे.

शेजारी कोणी शेतीसाठी बोअर घेत असेल तर लक्षात ठेवा : सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर किंवा बोअर घेण्यावर राज्याच्या भूजल कायद्याने बंदी आहे. तक्रार तहसीलदारांकडे लेखी द्या, अंतर मोजून आणि गट नंबर लिहून. बोअर लागल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा गाडी शिवारात आल्या दिवशीची तक्रार मोलाची.

हापसा चालतो, पण पाणी कमी येतं. कसं ओळखायचं काय बिघडलंय?

इंडिया मार्क २ हापशाने नीट ४० वेळा हापसल्यावर १५ लिटरच्या आसपास पाणी पडायला हवं. बादली लावा, मोजा, मग लक्षणं बघा.

सकाळी पहिल्यांदा दहा-पंधरा वेळा हापसल्याशिवाय पाणी चढत नाही, पण नंतर धार चांगली असते : खालचा फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा उभ्या पाइपाच्या एखाद्या सांध्याला भोक आहे. धार सारखीच बारीक : सिलिंडरमधले वॉशर झिजले. दहा मिनिटं चांगली धार, मग कोरडं, तासाभराने पुन्हा पाणी : पंप ठीक आहे, बोअरची आवकच कमी झाली, तिथे वॉशर बदलून उपयोग नाही. दांडा डावीकडे-उजवीकडे डुगडुगतो : बेअरिंग गेलं. सकाळचं पाणी तांबूस आणि नंतर स्वच्छ : पाणी आम्लधर्मी असेल आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजत असतील, सामू म्हणजे पीएच तपासा.

साखळीला महिन्यातून एकदा ग्रीस आणि नटबोल्ट आवळणं एवढं पाड्यातच होऊ शकतं. मार्क २चे पाइप वर काढायला मात्र तिपाई आणि चार माणसं लागतात, ते काम पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाचं. मार्क ३मध्ये पाइप न काढता दट्ट्या वर येतो, म्हणून नवा हापसा बसणार असेल तर मार्क ३ मागा. आणि ओट्याला तडा गेला असेल तर तो आज बुजवा. सांडलेलं, गुरांच्या पायांखालचं पाणी त्याच तड्यातून पुन्हा बोअरमध्ये जातं.

सौर दुहेरी पंप म्हणजे काय? आमच्या छोट्या पाड्याला चालेल का?

एकाच बोअरमध्ये हापसाही आणि लहान पाणबुडी मोटरही. मोटर सौर पॅनेलवर चालते, ५,००० लिटरची टाकी भरते आणि तिथून नळकोंडाळ्यांना किंवा घरांना पाणी जातं. वीज न पोचलेल्या, ८०-१०० माणसांच्या पाड्याला ही योजना फार सोयीची. आपल्याकडे तिचं खरं बळ हापशात आहे : जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तोच आधार. त्यामुळे पंप बसवताना हापसा काढून टाकू देऊ नका.

बिघाड बहुधा मोटरचा नसतो. पॅनेलवरची धूळ, वाढलेल्या झाडाची सावली, किंवा टाकी भरल्यावर मोटर बंद करणारा फ्लोट अडकणं, हीच कारणं निघतात. पॅनेल पंधरवड्याला सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने पुसा. बोअरची आवक कमी असेल तर पाणी संपल्यावर आपोआप बंद होणारी सोय कंट्रोलरमध्ये आहे ना ते बसवतानाच विचारा. कोरडी फिरलेली मोटर जळते.

डोंगरात बारमाही झरा आहे. विजेशिवाय पाणी खाली आणता येईल?

येईल, आणि चालवायला याहून स्वस्त योजना नाही. झऱ्याला उघडं डबकं करू नका. उगमाशी दगड-गोट्यांचा थर, त्यावर बंद झाकणाची पेटी, आत जाळी लावलेला पाइप, आणि पेटीच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर.

पाइप टाकताना तीन गोष्टी चुकतात. एक, दाब. दर १० मीटर उतरणीला साधारण १ किलो दाब वाढतो. ६ किलोच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाला ६० मीटरपेक्षा जास्त उतरण दिली तर सांधे फुटतात, म्हणून दर ५०-६० मीटर उतरणीला एक लहान उघडी टाकी द्या, तिथे दाब शून्यावर येतो. दोन, हवा. मार्गात पाइप चढून पुन्हा उतरत असेल तर उंचवट्यावर हवा अडकते आणि वर पाणी असूनही खाली थेंब येत नाही. तिथे एअर व्हॉल्व्ह, आणि सखल जागी गाळ काढायचा व्हॉल्व्ह. तीन, वणवा. मार्च-एप्रिलमध्ये गवत पेटतं आणि उघड्यावरचा पाइप वितळतो. मातीत चर खणून किमान तीन फूट खाली गाडा. पाषाणात ते जमलं नाही तर तेवढा तुकडा जीआयचा घ्या.

जमीन वनखात्याची असेल तर काम थांबतं असं सर्रास सांगितलं जातं. वनहक्क कायदा २००६च्या कलम ३(२)मध्ये पिण्याचं पाणी आणि जलवाहिन्या यांसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. ठरावात कलमाचा उल्लेख करा, नकाशा जोडा, पोच घ्या.

नळ सगळ्यांना दिले, पण वरच्या आळीला पाणी जातच नाही.

पाणी उताराने धावतं, त्यामुळे खालची घरं भरून वाहतात आणि वरच्यांची तोटी फुसफुसते. एकमजली वस्तीत शेवटच्या नळाशी सुमारे ७ मीटरचा दाब धरून योजना आखतात. तुमच्या जलकुंभाचा तळ सर्वात उंच घरापेक्षा तेवढा वर आहे का, ते आधी पाहा. नसेल तर कितीही व्हॉल्व्ह फिरवून भागणार नाही, वरच्या घरांसाठी वेगळी लहान टाकी लागेल.

उंची पुरेशी असूनही पाणी जात नसेल तर सकाळी पाणी सुटल्यावर पंपापासून टाकीपर्यंत वाहिनीच्या कडेने चालत जा. टाकी भरणाऱ्या मुख्य वाहिनीवरच कोणी परस्पर जोडणी घेतलेली सापडते. ती बंद करणं हे सरपंचांचं काम आहे, पाणी सोडणाऱ्या गरीब माणसाला त्या भांडणात एकटं पाठवू नका. त्यानंतर वस्तीचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह, वेगळी वेळ, आणि सुरुवात नेहमी वरच्या आळीपासून. वेळापत्रक टाकीवर रंगवून ठेवा.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती आणि कशी टाकायची?

सर्वात जास्त चुका इथेच होतात आणि त्यांची किंमत पोरांचे जुलाब, कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथीने मोजावी लागते, म्हणून पायऱ्या नीट वाचा.

१. पाणी मोजा. व्यास ५ मीटर, पाण्याची खोली २ मीटर : ५ × ५ × ०.७८५ × २ = ३९.२५ घनमीटर, म्हणजे सुमारे ३९,००० लिटर.

२. दर हजार लिटरला ५ ग्रॅम धरा. इथे साधारण २०० ग्रॅम. हे माप पावडरीत २० टक्क्यांहून जास्त क्लोरीन असेल तेव्हाचं. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत असतं, पण पोतं उघडं, ओलसर खोलीत राहिलं की ते झपाट्याने उतरतं. वास गेलेली, गोळे झालेली पावडर म्हणजे नुसता चुना.

३. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा.

४. दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसेल. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, साका खड्ड्यात टाका. साका विहिरीत किंवा टाकीत गेला तर व्हॉल्व्ह चोंदतात आणि पाण्याला चुनकट चव येऊन लोक ते पिणं सोडतात.

५. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवा. नुसती काठावरून ओतली तर तळाचं पाणी तसंच राहतं.

६. किमान अर्धा तास पाणी काढू नका. रात्री टाकून सकाळी उपसा सुरू केलेला उत्तम.

७. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी तपासणी, टाकीशी करू नका, सर्वात शेवटच्या घरच्या नळाला करा. पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचा, नंतर गडद होणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी दिसायला हवं. दिसत नसेल तर थोडं माप वाढवा आणि वाहिनीला गटाराजवळ गळती आहे का ते शोधा. तपासणीचं पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नका, ते द्रावण विषारी असतं.

गढूळ पाण्यात टीसीएल निकामी होते, कारण मातीच क्लोरीन खाऊन टाकते. आधी तुरटीने निवळू द्या. हातात रबरी मोजे, नाका-तोंडाला फडकं, आणि पावडर ओतताना वाऱ्याकडे पाठ.

पाणी तपासणीत नक्की काय बघायचं?

साध्या किटने सामू, गढूळपणा, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि क्लोरीन कळतं. जंतूंसाठी एच२एसची बाटली : पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळी झाली तर पाणी दूषित. ठाम निकालासाठी प्रयोगशाळेत नमुना निर्जंतुक बाटलीतच पाठवा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत चालतं. नायट्रेट ४५च्या वर नको. कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यात, जिथे खतांचा मारा मोठा, तिथे नायट्रेट जरूर बघा. ते चढलं तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट घट्ट होतं.

पाणीपट्टी किती ठेवायची? लोक गरीब आहेत, पैसे कुठून देतील?

गरीब घर आजही पाण्याची किंमत देतंच : बुडालेल्या मजुरीत, टँकरच्या हंड्यात, पोराच्या दवाखान्यात. प्रश्न रक्कम खरी आहे का आणि हिशोब उघडा आहे का, एवढाच. ६० घरांचा एक नमुना मांडू.

३ अश्वशक्तीची मोटर रोज चार तास चालली तर दिवसाला सुमारे १२ युनिट, महिन्याला ३६०. युनिटला ७ रुपये धरले तर २,५०० रुपये. पाणी सोडणाऱ्याचं मानधन ३,०००. टीसीएल महिन्याला अडीच किलोच्या आसपास, १५० रुपये. दुरुस्तीसाठी राखीव १,५००. एकूण ७,१५०. घरटी १२० रुपये.

आता यातली मेख. वसुली ८० टक्के झाली की हातात ५,७६० येतात, जवळपास १,४०० कमी. वीजबिल थकलं तर जोडणी तुटते, मानधन थकलं तर माणूस सोडून जातो, म्हणून तूट राखीव रकमेतून भरली जाते. कोणाच्या लक्षातही येत नाही. दीड वर्षाने मोटर जळते तेव्हा खात्यात काही नसतं आणि योजना ‘बंद पडली’ म्हणतात. ती बंद पडलेली असते पहिल्या महिन्यातच.

उपाय साधे आहेत. राखीव रक्कम वेगळ्या खात्यात, महिन्याच्या पहिल्या दिवशी. वसुली बचतगटाच्या बायकांकडे, त्यांना वसुलीवर ठरावीक टक्के मानधन देऊन. मजुरीला द्राक्षबागांत किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना हंगाम संपल्यावर एकरकमी भरायची मुभा. एकट्या म्हाताऱ्या बाईला माफी द्यायची तर ती ग्रामसभेत ठरवून, नाव लिहून. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत पिण्याच्या पाण्यासाठी बंधित, म्हणजे त्याच कामासाठी राखलेला, हिस्सा ठेवला होता; पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना अबंध, म्हणजे ग्रामसभा ठरवेल त्या कामाचा, निधीही आहे. मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव अशा निधीत मांडा. रोजचा खर्च मात्र पाणीपट्टीतूनच निघायला हवा.

ठेकेदार योजना ताब्यात घ्या म्हणतोय. सही करायची का?

मे महिन्यात शेवटच्या घराला पाणी आलेलं पाहिल्याशिवाय नको. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत १० ते १५ जण असतात आणि निम्म्या महिला असायला हव्यात. पाहणीला त्यांना घेऊन जा, कारण कोणत्या नळाला किती वाजता धार बारीक होते हे त्यांनाच ठाऊक असतं. अंदाजपत्रकाची प्रत हातात ठेवून पाइपाचा व्यास आणि दाबाचा वर्ग पाइपावरच्या छापील अक्षरांशी ताडून बघा. चर बुजवण्याआधी खोली मोजा, बुजल्यावर कोण उकरणार? टाकी काठोकाठ भरून एक दिवस सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि पातळी उतरते का पाहा. वाहिन्यांचा आणि व्हॉल्व्हच्या जागांचा नकाशा लेखी घ्या.

टँकर लागलाच तर?

ठराव मार्च उजाडण्याआधी तयार ठेवा. पंचायत समितीकडे अर्ज गेल्यावर पाहणी होते, त्यात दिवस जातात. टंचाईत माणशी २० लिटर धरतात, म्हणजे ३०० माणसांना ६,००० लिटर. टँकर विहिरीत ओतायची पद्धत मोडून काढा. बायका-पोरी काठावरून दोर टाकतात, तळात उतरतात, आणि अपघात तिथेच होतात. शिवाय पाणी झिरपून जातं. ५,००० लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या ओट्यावर, प्रत्येकीला चार तोट्या, टँकर ओततानाच टीसीएलची निवळी. फेरीची नोंद समितीतल्या बाईच्या सहीशिवाय होऊ देऊ नका.

नाशिक शहरातल्या वस्तीत एका नळावर वीस-वीस घरं आहेत. काय मागायचं?

आधी आकडा काढा. कमी दाबाच्या अर्धा इंची नळातून मिनिटाला साधारण १० लिटर येतात. दीड तास पाणी सुटलं तर ९०० लिटर, वीस घरांत घरटी ४५ लिटर, पाच माणसांच्या घरात माणशी ९. हे लिहून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्या : पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व किंवा पश्चिम, जो तुमचा विभाग असेल तो. ‘पाणी कमी येतं’ या अर्जाला उत्तर देणं सोपं असतं, ‘माणशी ९ लिटर’ला अवघड. घरोघर जोडणी शक्य नसेल तर पाच-सात घरांची मिळून एक गटजोडणी आणि एक मीटर मागा.

अरुंद बोळात नळाचे पाइप गटारातूनच नेलेले असतात. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कोणी नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाइप गटाराच्या वरून, भिंतीला धरून न्या, आणि पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटांची धार भांडी-धुण्याला वापरा.

वस्ती अधिकृत नाही, म्हणून जोडणी नाकारतात.

जागेचा हक्क आणि पाण्याचा हक्क वेगळे आहेत. डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर हेच सांगितलं : बेकायदा झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येत नाही, कारण पाणी हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख करा, आणि जोडणीमुळे जागेवर हक्क सांगणार नाही असं लिहून द्यायची तयारी दाखवा. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

छतावरचं पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल?

पिण्या-स्वयंपाकापुरतं, हो. पाच माणसं, माणशी ५ लिटर, फेब्रुवारी ते मे १२० दिवस : ३,००० लिटर. ३० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण २,४०० लिटर जमतात, म्हणजे घाटमाथ्यावर टाकी काही दिवसांत भरते. पत्रा धुऊन निघेपर्यंतचं पाणी बाहेर सोडा आणि टाकी सप्टेंबरच्या स्वच्छ पावसात अखेरची भरून घ्या. अंधारी, घट्ट झाकणाची फेरोसिमेंट (तारेची जाळी आणि सिमेंटची) टाकी हवी. उजेड आत गेला की शेवाळ, आणि फट राहिली की डास.

पहिल्या पावसात काय काळजी घ्यायची?

जूनचे पहिले तीन आठवडे सर्वात धोक्याचे. उन्हाळाभर उघड्यावर साचलेली घाण पहिल्या लोंढ्याबरोबर विहिरीत आणि झऱ्यात उतरते, आणि लोक नेमके तेव्हाच टँकर सोडून ओढ्याच्या झिऱ्यावर जातात. मे संपण्याआधी विहिरीचा कठडा आणि भोवतालचा चर दुरुस्त करा, टाकी घासून धुवा, टीसीएलचं नवं पोतं आणून कोरड्या जागी फळीवर ठेवा. पाऊस लागल्यावर ओटी टेस्ट रोज. घरात पाणी चार पदरी फडक्याने गाळून, खळखळ उकळी आणून, झाकून ठेवा आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा, हात बुडवू नका. एकाच आठवड्यात दोन घरांत जुलाब दिसले तर आशाताईंना लगेच कळवा आणि त्या स्रोतावर ‘पिऊ नये’ अशी पाटी लावून पाड्याला दुसरं पाणी कुठून मिळेल ते त्याच संध्याकाळी ठरवा.